दोन इंटरसेप्शन, सहा विजय

नमस्कार,

अमेरिकन फुटबॉलमधलं इंटरसेप्शन (फेकलेला पास समोरच्या संघाने झेलणं) आणि फंबल (हातातला चेंडू निसटणं) मी एकाच मापाने मोजत नाही. त्यावर तुमचा आक्षेप असा की मी बेदरकार क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूची, भलामण करतो. चेंडू समोरच्याला देणारा तो देणाराच, कारण काहीही असो. आणि शहाणा क्वार्टरबॅक पाहायचा तर ग्रीन बे संघाच्या ॲरन रॉजर्सचा २०१८ चा हंगाम पाहा, असंही तुम्ही लिहिलंय.

तोच हंगाम घेऊ. ५९७ पास, त्यात इंटरसेप्शन फक्त २. पण ग्रीन बे जिंकले ६, हरले ९, एक सामना बरोबरीत, आणि प्रशिक्षक माइक मॅकार्थींना हंगाम संपायच्या आतच नारळ मिळाला. रॉजर्स ४९ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला. कुणी मोकळं दिसेना की चेंडू मैदानाबाहेर भिरकावून मोकळा व्हायचा. (पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला होता, तेव्हा सगळं खापर त्याच्यावर नको.) दोन डाव पुढे पंट करून (लाथेने लांब टोलवून) चेंडू समोरच्याकडे जायचाच. फक्त त्याची नोंद टर्नओव्हरमध्ये (गमावलेल्या चेंडूंत) होत नाही.

टँपा बेचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन बेदरकार होता, त्याबद्दल वादच नाही. २०१९ मध्ये ३३ टचडाउन (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, चेंडू पोचवणं) आणि ३० इंटरसेप्शन, त्यातली ७ प्रतिस्पर्ध्यांनी थेट टचडाउनपर्यंत पळवली. पुढच्या वर्षी तोच प्रशिक्षक, पास झेलणारे तेच एव्हन्स आणि गॉडविन, पण क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. इंटरसेप्शन १२, आणि सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, खिशात.

मला खटकतं ते इंटरसेप्शन आणि फंबल एकाच पारड्यात टाकणं. शेवटच्या षटकात सीमारेषेवर झेल देणारा आणि क्रीझबाहेर रेंगाळत धावचीत होणारा, धावफलकावर दोघंही बादच. पण ड्रेसिंग रूममध्ये बोलणी कुणाला बसतात? मध्यंतराच्या आधी शेवटच्या सेकंदाला एंड झोनकडे आशेने फेकलेला चेंडू अडवला गेला तर नुकसान जवळपास शून्य. तरी क्वार्टरबॅकच्या खात्यात एक इंटरसेप्शन जमा.

फंबलचं तसं नाही. फेब्रुवारी २०२३ चा सुपर बोल आठवा. फिलाडेल्फिया ईगल्स १४-७ पुढे, त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स चेंडू घेऊन निघालेला, आणि कुणी हात लावायच्या आधीच चेंडू निसटला. कॅन्सस सिटीच्या निक बोल्टनने उचलून ३६ यार्ड पळवला, १४-१४. ईगल्सच्या हातून सामना गेला ३८-३५ असा. हर्ट्सने त्याच दिवशी स्वतः पळत तीन टचडाउन केले, म्हणून लोक ते विसरतात. मी नाही विसरत. चेंडूच्या टोकावर बोटं, कोपर बरगडीशी, पॉकेटमध्ये (सहकाऱ्यांच्या संरक्षक कड्यात) फेकेपर्यंत दोन्ही हात चेंडूवर: हे सरावाने अंगात मुरवता येतं. वर तो लांबुडका चेंडू कुठे उसळेल आणि कुणाला मिळेल याचा नेम नाही. म्हणून गमावलेले नव्हे, झालेले सगळे फंबल मोजावेत. क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सने २०१९ मध्ये १८ केले, ११ गमावले. नशिबाने पाचच गमावले असते तरी त्याच्या हातांबद्दल माझं मत तेच राहिलं असतं.

राहता राहिला व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक ब्रेट फावर याचा तो बदनाम पास. २४ जानेवारी २०१०, न्यू ऑर्लिन्स, २८-२८, हातात काही सेकंद. उजवीकडे धावता धावता त्याने चेंडू मैदानाच्या मधोमध फेकला आणि न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेसी पोर्टरने तो अडवला. समोर मोकळी जागा होती, चार पावलं पळाला असता तर किक मारून गुण मिळवणं सोपं गेलं असतं. भयंकर निर्णय, मान्य. पण व्हायकिंग्जनी त्या दिवशी तीन फंबलही गमावले होते. आणि तो पास टाकायची पाळी आली कारण आदल्या क्षणी त्यांच्या हडलमध्ये (डावाआधीच्या घोळक्यात) ११ ऐवजी १२ माणसं उभी होती आणि पाच यार्डांचा दंड बसला होता. तो हडल फावरने एकट्याने भरवला नव्हता.