मॅजिस्ट्रेट जजची शिफारस म्हणजे निकाल नव्हे

मॅजिस्ट्रेट जज म्हणजे अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टात वरच्या न्यायाधीशाला, म्हणजे डिस्ट्रिक्ट जजला, मदत करणारा न्यायाधीश. ‘अमेरिकेच्या फेडरल कोर्टात मॅजिस्ट्रेट जजने दावा फेटाळायची शिफारस केली की खेळ खलास, वरचा न्यायाधीश नुसती सही करतो,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून कुणी गप्प बसलं तर हातची केस जाईल.

दावा फेटाळणं, समरी जजमेंट (पूर्ण खटला न चालवता दिलेला निकाल) अशा केस निकालात काढणाऱ्या अर्जांवर, मॅजिस्ट्रेट जजनेच निकाल द्यावा याला सर्व पक्षांची संमती नसेल तर, मॅजिस्ट्रेट जज फक्त शिफारस करतो. शिफारशीच्या अहवालाची प्रत बजावल्यापासून १४ दिवसांत लेखी हरकत घेता येते. हरकत घेतलेल्या भागाचा डिस्ट्रिक्ट जजला नव्याने, स्वतंत्रपणे विचार करावाच लागतो. मात्र ‘सगळंच अमान्य’ असं मोघम लिहून भागत नाही. अहवालातला कोणता निष्कर्ष, कोणत्या पुराव्यामुळे चूक, हे नेमकं मांडा. हरकतच घेतली नाही तर अपिलाचा हक्कही जाऊ शकतो. असा नियम सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये थॉमस विरुद्ध आर्न खटल्यात वैध ठरवला.

कागदपत्रं मागवण्यासारख्या अर्जांवर मॅजिस्ट्रेट जज थेट आदेश देतो. तिथेही हरकतीची मुदत १४ दिवसांचीच, पण आदेश उघड चुकीचा किंवा कायद्याविरुद्ध असेल तरच डिस्ट्रिक्ट जज तो बदलतो.