‘दोघेही सारखेच दोषी’ म्हणून पैसे सोडू नका

गिरगाव-लालबागच्या चाळींपासून दहिसरच्या सोसायट्यांपर्यंत एक मेसेज फिरतोय: ‘खोलीसाठी पागडी दिली, पावती नाही? विसरा. देणारा-घेणारा समान दोषी. कोर्ट दोघांनाही हाकलतं, पोलीस तक्रार घेत नाहीत.’ असं वाचून हक्काच्या पैशांवर पाणी सोडणारी माणसं आहेत, म्हणून उत्तर देतो.

पागडी (भाड्याखेरीज घरमालकाला दिलेली एकरकमी रक्कम) म्हणजे गुन्हा, ही १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची गोष्ट. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५६ भाडेपट्टा देताना किंवा खोली दुसऱ्याच्या नावावर करायला संमती देताना घरमालकाला रक्कम घेऊ देतं. पावती नसणं ही पुराव्याची अडचण. त्यामुळे तुम्ही दोषी ठरत नाही.

‘समान दोषी’ हे तत्त्व मात्र खरं आहे. बेकायदा कृत्याच्या आधारावर दावा करणाऱ्याला न्यायालय मदत करणार नाही, हे लॉर्ड मॅन्सफिल्डने १७७५ मध्येच इंग्लंडात सांगितलं. पण दोष समान आहे का, हे तपासावं लागतं, आणि मेसेज नेमकं तेच गाळतो. १९८६ च्या एका निकालात भाडेकरूने घरमालकाला भाडे कायद्यात न बसणारी आगाऊ रक्कम दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने दोघांना एका तागडीत तोललं नाही: डोक्यावर छप्पर हवं म्हणून अट मान्य करणारा आणि अट घालणारा बरोबरीचे कसे? रक्कम भाड्यात वळती करून मिळाली. मुंबईत घर शोधलेल्या कुणालाही हे वेगळं समजवायला नको.

‘दिले ते गेले’ हेही सरसकट खरं नाही. भारतीय विश्वस्त कायदा, १८८२, कलम ८४: बेकायदा हेतूने दिलेली मालमत्ताही, हेतू तडीला गेला नसेल किंवा देणाऱ्याचा दोष घेणाऱ्याहून कमी असेल, तर घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हितासाठी सांभाळायची असते.

पोलिसांबद्दलचं विधान तर घातक आहे. नसलेली खोली दाखवून पैसे उकळणं ही फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तुमचाही हात काळा आहे म्हणून ठग सुटत नाही. सरकारी कामासाठी जबरदस्तीने लाच द्यावी लागली, तर सात दिवसांत कळवणाऱ्याला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे.

न्यायालय दार बंदही करतं. मोबाइल सेवेच्या टूजी परवान्यांचं प्रवेशशुल्क परत मागणाऱ्या लूप टेलिकॉमला २०२२ मध्ये याच तत्त्वावर नकार मिळाला. पण ती परवान्याच्या गैरव्यवहारात सामील ठरलेली कंपनी होती, डिपॉझिटसाठी दागिने गहाण टाकणारं कुटुंब नव्हे.

पैसे परत मागण्याच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. मेसेजवर विसंबून बसलात तरी ती थांबत नाही.