हाऊ खांबा कोना शे?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काकूंनी व्हिडिओ कॉलवर आमचा ओटा दाखवला. तापीकाठचं आमचं तालुक्याचं गाव, गल्ली जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी. ओट्याची पायरी आणि गटार यांच्यामधल्या दीड हात जागेत नवा लोखंडी खांब उभा होता. बुडाशी ओलं काँक्रीट, त्यात कोणाच्या तरी चपलेचा ठसा. वर दुधाच्या कॅनएवढी मोबाइलची अँटेना, खाली काळ्या केबलची वेटोळी. काकू वॉकर धरून चालतात, आणि तो वॉकर आता पायरीखाली उतरतच नाही. मागून आप्पा आमच्या अहिराणीत एकच विचारत होते, "हाऊ खांबा कोना शे?" हा खांब कोणाचा?

गल्लीत मात्र वाद पेटला तो रेडिएशनचा. म्हातारी माणसं म्हणतात, कॅन्सर होईल, खांब काढा. पोरं म्हणतात, घरात रेंज नाही, कापूस-केळीचे भाव बघायलासुद्धा गच्चीवर जावं लागतं. पोरांचं म्हणणं मला पटतं. भारताने 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली आहे, आणि 'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर आपल्या भागातल्या टॉवरची माहिती कोणालाही बघता येते. भीती वाटते त्यांनी ती जरूर बघावी. पण काकूंचा वॉकर त्याने उतरत नाही.

कॅलिफोर्नियात आमच्या शहराच्या सभेत मी हाच वाद ऐकला आहे. शेजारच्या बाई मिळालेली तीनही मिनिटं लहरींवर बोलल्या आणि सभागृह गप्प बसून राहिलं. कारण अमेरिकेच्या 1996 च्या दूरसंचार कायद्याने शहरांचे हात बांधले आहेत: अँटेना केंद्राच्या मर्यादेत असेल तर लहरींच्या कारणावरून तिला नकार देता येत नाही. त्यांच्यानंतर एक आजोबा उठले. म्हणाले, या फूटपाथवरून माझी व्हीलचेअर जाते, खांब पुढच्या कोपऱ्यावर घ्या. खांब हलला.

इथलं सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. अशा अँटेनांवरचा शहरांचा अधिकार कमी करणारं विधेयक 2017 मध्ये कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी सही न करता परत पाठवलं, तर पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने (एफसीसी) आदेश काढून बरंचसं तेच केलं. जुन्या खांबावरच्या छोट्या अँटेनाच्या अर्जावर 60 दिवसांत निर्णय द्यायचा, नव्या खांबासाठी 90 दिवसांत. शहराला मिळणारं भाडं एका अँटेनामागे साधारण वर्षाला 270 डॉलर. मुदत चुकली तर कंपनी कोर्टात जाते. 2020 मध्ये कोर्टाने खांबांच्या दिसण्याबाबतच्या काही अटी रद्द केल्या, बाकी आदेश बहुतांशी टिकला. मला हे शहरांवर अन्यायाचं वाटतं. तरीही ज्या शहरांनी आपले नियम आधी लिहून जाहीर केले होते, त्यांच्या हातात बोलायला काहीतरी उरलं.

आपल्याकडेही वारं त्याच दिशेचं आहे. टॉवर आणि केबलसाठी जागा देण्याच्या 2016 च्या केंद्रीय नियमांपासूनच कंपनीच्या अर्जाला मुदतीत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. 2022 च्या दुरुस्तीत रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर छोटी अँटेना लावायचा मोबदला शहरात वर्षाला 300 रुपये ठरला. दूरसंचार कायदा 2023 खालचे नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत. म्हणजे नगरपालिका गप्प बसली की खांब उभा राहतो. धुळे, जळगाव महापालिका असोत की आमच्यासारखी नगरपालिका, प्रत्येकीने आत्ताच लिहून काढावं: दारापासून किती अंतर, गटार उपसायला किती जागा, आधीच्या विजेच्या खांबावर जागा असताना नवा का. आणि प्रत्येक खांबावर पत्र्याची पाटी हवी. माझ्या घरासमोरच्या खांबावर आहे, क्रमांक आणि फोनसकट.

काकूंच्या खांबावर काहीच लिहिलेलं नाही. आप्पा तीन कचेऱ्या फिरले. प्रत्येकाने पुढच्याकडे बोट दाखवलं. मग मी इथून मजकूर पाठवला आणि त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. प्रश्न तीनच आहेत: खांब कोणाचा, परवानगी कोणत्या तारखेची, आणि दोन हात सरकवायचा अर्ज कोणाकडे करायचा. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. तोवर काकू मागच्या दाराने, गोठ्यातून बाहेर पडताहेत.