गप्प म्हणजे लाजाळू नव्हे

'जपानी मुलं लाजाळू असतात, वर्गात तोंडच उघडत नाहीत' हे जपानी शाळांवरच्या एका लेखातलं वाक्य खटकलं. मी दोन वर्षं तिथल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका होते. पहिल्या आठवड्यात मलाही तसंच वाटलं होतं. प्रश्न विचारला की तीस-पस्तीस मुलं ढिम्म! मग लक्षात आलं, नाव घेऊन विचारलं की मूल आधी शेजाऱ्याकडे वळतं, दोघं कुजबुजतात आणि मग उत्तर येतं. चारचौघांत चुकायचं नसतं, एवढंच. मी जोड्या करून दोन मिनिटं द्यायला लागले, तर वर्गाचा आवाज आवरेना. आणि हीच मुलं दुपारी पांढरे एप्रन घालून वर्गात जेवण वाढताना, नाहीतर जिने पुसताना बघा. कोण म्हणेल लाजाळू?

लेखात राहून गेली ती शिक्षकांची खोली, 'शोकुइनशित्सु'. नव्या माणसाची खरी परीक्षा तिथे! सगळ्यांची टेबलं एकाच दालनात, समोरासमोर, आणि उपमुख्याध्यापकांची नजर सगळ्यांवर. माझे तास संपले म्हणून मी चार वाजता पर्स उचलून निघाले. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी हळूच शिकवलं, निघताना 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु' म्हणायचं, म्हणजे 'तुमच्याआधी निघतेय, माफ करा'. आपलं 'येते हं'च, फक्त अपराधीपणा जरा जास्त. त्यानंतर सगळे मोकळेपणाने बोलायला लागले. सहा वाजले तरी उठत मात्र कोणी नव्हतं.