ब्रूस बीच विकला, त्यात चुकलं काय?

विषय काढला एजंटने. त्याच्या डोक्यात जमिनीशिवाय दुसरं काही नसतंच. "कॅलिफोर्नियात समुद्राला लागून ब्रूस कुटुंबाची जागा. सरकारने शंभरेक वर्षांनी परत दिली, आणि या लोकांनी सहा महिन्यांत त्याच सरकारला विकून टाकली! येडे का खुळे?"

"आधी गेली कशी, ते सांग ना," वकील म्हणाला, आणि मग स्वतःच सुरू झाला.

विला ब्रूस यांनी 1912 मध्ये मॅनहटन बीच गावात 1,225 डॉलरला प्लॉट घेतला. नवरा रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये स्वयंपाकी, म्हणजे कायम फिरतीवर. धंदा बाईनेच उभा केला. तेव्हा बहुतेक किनाऱ्यांवर कृष्णवर्णीयांना फिरकू देत नसत. इथे त्यांना राहायला खोली मिळे, जेवण मिळे, पोहायचे कपडेसुद्धा भाड्याने मिळत. मग आसपास आणखी काही कृष्णवर्णीय कुटुंबांनी सुट्टीसाठी घरं घेतली. गोऱ्या शेजाऱ्यांना ते खुपलं. धाकदपटशा करून पाहिला, तरी ही माणसं हटेनात. शेवटी 1924 मध्ये नगरपालिकेने बागेच्या नावाखाली भूसंपादन काढलं. ब्रूस यांनी 1,20,000 डॉलर मागितले, हातात पडले 14,500. आणि बाग? कित्येक वर्षं तिथे नुसता मोकळा माळ होता.

"सार्वजनिक प्रयोजन," मास्तर हसले. हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

"अरे, पण 2022 ला मिळाली ना परत? हॉटेल काढायचं तिथेच, ब्रूसच्याच नावाने!" एजंट म्हणाला.

"कुठे काढणार?" वकील म्हणाला. "जागेवर जीवरक्षकांचं मुख्यालय आहे, झोनिंग, म्हणजे जमीन कशाला वापरायची तो नियम, सार्वजनिक वापराचं. काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, वर्षाला 4,13,000 डॉलर भाडं देणार होती. 2023 मध्ये वारसांनी ती तिलाच जवळपास दोन कोटी डॉलरला दिली."

मला विचाराल तर यात खुळेपणा काही नाही. गोऱ्याने आजोबांचा बंगला फुंकला तर त्याला कुणी पूर्वजांची आठवण करून देत नाही. यांनीच तेवढी जागा स्मारक म्हणून सांभाळत बसायची?

"आणि त्या शेजारच्या घरांचं काय?" मास्तरांनी विचारलं.

त्यांचे प्लॉट नगरपालिकेकडेच राहिले, पुढे तिथे खरोखर बाग झाली. ब्रूस यांची जागा मधल्या काळात राज्याकडे आणि तिथून काउंटीकडे गेली होती, म्हणून काउंटीला ती परत देता आली. बाकीच्यांना जमीन मिळाली नाही.

"मग खरी केस त्यांची आहे!" एजंट उसळला. वकिलाने दावा किती वर्षांत करायचा तो मुदतीचा कायदा काढला, आणि दोघांची पुन्हा जुंपली.