चुली वेगळ्या, किल्ली एक

एकाच ड्राइव्हवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणं म्हणजे दोन जावांना एका ओट्याशी उभं करणं, हे माझं जुनं मत. (प्रोग्रॅमिंगवाली जावा नव्हे, घरातल्या.) म्हणून विंडोज जुन्या ड्राइव्हवर राहू दिली, लिनक्ससाठी नवी कोरी ड्राइव्ह बसवली आणि वर्षभर येईल-जाईल त्याला सांगत सुटलो, की बाबा, चुली वेगळ्या करा, भांडणं मिटतात.

परवा हाच शहाणपणा एका मित्राला दाखवायला कॅबिनेट उघडलं. "ही जुनी ड्राइव्ह काढतो. लिनक्सला पत्ताही लागणार नाही." केबल ओढली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली: बूट करण्याजोगं डिव्हाइस सापडलं नाही.

"लागला वाटतं पत्ता," मित्र म्हणाला, आणि त्याला एकदम काहीतरी काम आठवलं.

मग नवी काढून जुनी एकटीच लावून पाहिली. तर ग्रब, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, उगवला, पण मेनूचा पत्ता नाही. नुसता 'ग्रब' एवढा शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. बोला, काय सेवा करू, असा चेहरा. आता मी काय बोलणार?

चूक माझीच होती. मशीन सुरू झालं की यूईएफआय, म्हणजे मदरबोर्डवरचा पहिला प्रोग्रॅम, आधी ईएफआय नावाचं एक चिमुकलं फॅट३२ धाटणीचं पार्टिशन (ड्राइव्हवरचा कप्पा) शोधतं. बूट करणारी फाइल तिथे असते. लिनक्स टाकताना मी जुनी ड्राइव्ह जोडलेलीच ठेवली होती. इन्स्टॉलरला तिच्यावर असं पार्टिशन आयतं दिसलं, त्याने ग्रब तिथेच नेऊन ठेवला. हे पडद्यावर लिहिलेलं असणार; मी 'पुढे, पुढे' दाबत होतो. ग्रब जुनीकडे, त्याचा मेनू नवीवर. म्हणजे किल्ली एकीच्या कमरेला आणि कुलूप दुसरीच्या दाराला.

रात्री पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायला बसलो. त्यासाठी बूट मेनूची कळ दाबायची. ती कुठे एफ८ असते, कुठे एफ११, कुठे एफ१२. मी पेटी वाजवल्यासारखी सगळी वरची ओळ वाजवली. शेवटी लागला सूर. नव्या ड्राइव्हवरचं मोठं पार्टिशन आक्रसून ५१२ एमबीचं ईएफआय केलं, क्रूट करून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच, नव्या ड्राइव्हवरच्या लिनक्सच्या आत शिरलो, ग्रब-इन्स्टॉल म्हटलं. 'कोणतीही त्रुटी नाही.' इतकं गोड मला कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

रीस्टार्ट. मेनू आला! पुढे एक लाल तारा डावी-उजवीकडे येरझारा घालू लागला आणि शेजारी उलटी वाट बघणं: १ मिनिट ३० सेकंद. ती संपली आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. कोणती पार्टिशनं जोडायची ते लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये अजून जुन्याच पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, होता. लिनक्स इमानेइतबारे त्याची वाट बघत बसली होती. फॅटचा यूयूआयडी जेमतेम आठ अक्षरांचा, पण पहाटे तीनला बी आणि ८ जुळे भाऊ दिसतात. नव्याचा चार वेळा बोट ठेवून वाचला आणि फाइलमध्ये लिहिला.

मग जुनी ड्राइव्ह परत जोडली, तर मेनूत विंडोज नाही! २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब दुसऱ्या सिस्टिम आपणहून शोधत नाही; सेटिंगमध्ये तसं सांगावं लागतं. सांगितलं. एक ओळ, पाऊण तास.

अखेर दोघी आपापल्या घरून चालू झाल्या. मुद्दाम एकेक केबल काढून पाहिलं, दोघी ताठ. समाधानाने विंडोज उघडली. खिडकीबाहेर लख्ख उजाडलेलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात मध्यरात्र. मदरबोर्डवरचं घड्याळ मात्र सामाईक: लिनक्स त्यात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहून ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते.

"झालं का रे एकदाचं?" आतून आईचा आवाज.

"झालं," म्हटलं, आणि त्या कोपऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला.