पोटाचं मुळीच ऐकू नका

भूक लागली आहे का, हे पोटाला कधीही विचारू नका. त्याला काय कळतंय? आधी घड्याळ बघा, मग मोबाइलमधलं अॅप बघा, आणि तरीही पोटात कावळे कोकलत असतील तर ग्लासभर पाणी पिऊन ते बुडवा.

घासाघासाचा हिशेब ठेवा. आवडीचा पदार्थ घरात आणूच नका. आणलात, तर आधी आठवडाभर त्याचा विचार करा, मग रात्री उभ्याउभ्या सगळा संपवा आणि सकाळी स्वतःला यथेच्छ शिव्या घाला. यालाच संयम म्हणतात.

अन्नावर मनापासून प्रेम जडायला हवं असेल, तर उपासमारीसारखा उपाय नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या संशोधकांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्नावर ठेवलं. माणसं खंगली, चिडचिडी झाली, ते सोडा. पण त्यांतले काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले! ताटं चाटू लागले. पुढे भरपूर खायला मिळालं, तरी कित्येकांची भूक भागेना. तुमच्या 'सोमवारपासून कडक' योजनेनंतर येणाऱ्या शनिवारला एवढा भक्कम शास्त्रीय आधार आहे, आणि तुम्ही उगाच इच्छाशक्तीला दोष देत बसता. (खरं तर द्याच. नाहीतर पुढचं डाएट विकत कोण घेणार?)

१९९५ मध्ये एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन अमेरिकी आहारतज्ज्ञांनी 'इंट्युइटिव्ह ईटिंग', म्हणजे शरीराचं ऐकून सहज खाणं, नावाचं खूळ काढलं. भुकेला मान द्या, पोट भरल्याची खूण ओळखा, कुठल्याच पदार्थाला पापी ठरवू नका, वगैरे. आता ते करायचंच असेल, तर नीट करा. त्यांच्या दहा तत्त्वांतलं पहिलंच 'डाएटची मानसिकता सोडा' असं आहे. तेवढं वगळा, उरलेली नऊ तक्ता करून भिंतीवर लावा आणि दर सोमवारी वजन करून किती 'सहज' खाल्लं ते तपासा. उतरलं नाही, तर पद्धतच भंपक.

आणि हो, घरात तान्हं मूल असेल तर आत्तापासूनच सावध व्हा. पोट भरलं की ते तोंड फिरवतं, हे कुणी शिकवलं त्याला? 'एवढा एकच घास' म्हणत ही खोड वेळीच मोडा. मोठेपणी ते पैसे भरून कार्यशाळेत जाईल आणि तोंड कधी फिरवायचं ते शिकून येईल.